तिसऱ्या बेसकडून

मी त्याला ओळखलं ते पाठीवरून. पीचचे डबे सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची अक्कल ज्याने पाजळली त्याला लवकर म्हातारपण येवो, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो, आणि हिरवा एप्रन घातलेला एक उंच माणूस माझ्याकडे पाठ करून खोकी फोडत होता. "अहो, जरा तो डबा काढून देता का?" मी म्हणालो. त्याने डाव्या हातातली सुरी खिशात सरकवली, पायाने स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि उजव्या हाताने डबा काढला. झालं ते एवढंच. मंगळवारची सकाळ, सेंट लुईसमधलं रोजचं दुकान, छताला कुरकुरणारा पंखा. पण सहा फूट चार इंच माणसाला स्टूल कशाला लागतं? डावा हात आधी निघाला होता. खांद्यापर्यंत आला, तिथे काही विसरल्यासारखा थांबला आणि गुपचूप खाली गेला. एप्रनच्या पट्ट्याखाली डावा खवाटा किंचित वर उचलला गेला आणि परत बसला, नांगर जमिनीत घुसायच्या आधी हलतो तसा. असा खवाटा मी आयुष्यात एकच पाहिला होता. वीस वर्षांपूर्वी, सहा सामने, दर सामन्यात शंभरेक वेळा. डबा तसाच सोडून निघून जावं असं वाटलं. माझे गुडघे मात्र आता असले निर्णय मला विचारून घेत नाहीत.

बेसबॉलच्या क्लबसाठी पोरं हेरणं हा माझा धंदा होता. चौतीस वर्षं. मिसूरी, आर्कान्सा, ओक्लाहोमाचा पूर्वेचा तुकडा, एवढ्या मुलखातल्या प्रत्येक शाळेच्या मैदानामागे माझी गाडी उभी राहिलेली आहे. कुठला पोरगा चेंडू जोरात फेकतो, कुणाच्या हाताला वळण आहे, कुणाचा बाप दारू पितो, हे क्लबला कळवायचं. जून महिन्यात क्लब पाळीपाळीने पोरांची नावं घेतात, पहिली फेरी, दुसरी फेरी, असं करत पार तिसाव्या-चाळिसाव्यापर्यंत; आणि आपण हेरलेलं पोर दुसऱ्याने आधी उचललं की वर्षभराची धूळ आणि थंडगार सँडविचं फुकट. म्हणून या धंद्यात पोरं शोधण्यापेक्षा लपवण्याला जास्त अक्कल लागते. आवडलेल्या पोराच्या सामन्यातून तिसऱ्या डावातच उठून जायचं, जांभया देत. न आवडलेल्याच्या बापाला सगळ्यांदेखत जेवायला न्यायचं. वेग मोजायची बंदूक आणायची आणि भलत्याच पोरावर रोखायची. आम्ही सगळेच हे करायचो, आणि सगळे करतात हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी चालायचं. शिवाय मी थापांबद्दल प्रसिद्ध. आर्कान्सातल्या एका पोराने गुरुवारी टाकलेला चेंडू झेलणाऱ्या कॅचरला बुधवारीच लागला, ही माझीच गोष्ट. व्हाइट नदीत मी धरलेला मासा एवढा मोठा होता की त्याचा नुसता फोटोच नऊ पौंड भरला, ही पण माझीच. मर्ल डट्रो, दुसऱ्या एका क्लबचा हेऱ्या, माझ्या गाडीवर टेकून म्हणायचा, "वीम्स, तू सकाळी गुड मॉर्निंग म्हणालास तरी मी आधी खिडकीबाहेर बघतो." आणि मी म्हणायचो, "बघ बघ. पण बाहेर दिसतो तो सूर्यही मीच सांगितलेला आहे."

ऑरिन टॅकेट मला सापडला तो ब्लू लिक नावाच्या खेड्यात. ओझार्कच्या डोंगरात, जिथे मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात एक गाय बांधलेली असायची आणि चेंडू गायीपलीकडे गेला की दोन बेस, असा नियम होता. हे थाप वाटेल. वाटू दे. सतरा वर्षांचा, काटकुळा, डावखुरा. त्याचा पहिला चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडला तेव्हा जो आवाज झाला, त्याने गायीने चरायचं थांबवून मान वर केली. माझ्याजवळची बंदूक मी काढलीच नाही. तिची गरज नव्हती. फलंदाजांचे गुडघे मला सगळं सांगत होते. आता, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बघायचा तर शहाणा माणूस पहिल्या बेसच्या बाजूला बसतो. चेंडू टाकण्याआधी डावखुऱ्याची छाती त्या बाजूला असते. हात मागे कसा जातो, कोपर कुठे वळतं, सगळं तिकडून उघडं दिसतं. तिसऱ्या बेसच्या बाजूने दिसते ती फक्त पाठ. म्हणून मी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलो. डट्रो दुसऱ्या सामन्याला येऊन टपकला, आणि मला तिथे बघून त्याला वाटलं, वीम्स दुसऱ्या कुणासाठी तरी आलाय. सहाही सामने मी तिथेच बसलो. सहा सामने मी एक पाठ बघितली. मळका शर्ट, घामाचा नकाशा, आणि तो खवाटा, उचलला जाणारा, बसणारा. तो खवाटा असा मोकळा फिरायचा की मला लहानपणी बघितलेले घोडे आठवायचे. मी चांगला माणूस नाही, पण त्या पाठीकडे बघताना काही वेळा माझे डोळे भरून यायचे. तेव्हा मी टोपी पुढे ओढायचो आणि जांभई द्यायचो.

सहाव्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाचसहा हेरणारे एका खाणावळीत अंडी खात बसलो होतो. डट्रो म्हणाला, "त्या टॅकेटच्या पोराबद्दल काय म्हणतोस, थापाड्या? आमचे साहेब विचारत होते." मी काही बोललो असतो तर कुणी विश्वास ठेवला नसता. मी काही बोललो नाही. डाव्या हातात काटा होता, तो खाली ठेवला, उजव्या हाताने माझंच डावं कोपर जरा चोळलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. च्च. मग अंड्यांवर मिरपूड घातली. बस्स. एवढं बारीक खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. मोठमोठ्या थापा मारणाऱ्या माणसाच्या तोंडून असा एक छोटासा आवाज निघाला की तो लोकांना खरा वाटतो. चुकून निसटलाय असं वाटतं. डट्रोने कॉफी ढवळायची थांबवली. संध्याकाळपर्यंत तीन राज्यांतल्या हेऱ्यांना ठाऊक झालं होतं की ब्लू लिकच्या डावखुऱ्याचं कोपर गेलेलं आहे, आणि कुणीतरी तर मला दोन दिवसांनी फोन करून, गुपित म्हणून, तेच सांगितलं. वर डॉक्टरचं नावही सांगितलं.

स्टुलावरून उतरून तो वळला. चेहरा मी विसरलो होतो. खरं म्हणजे नीट कधी बघितलाच नव्हता. रुंद, शांत, कानशिलांवर पांढरे केस. "मिस्टर वीम्स?" तो म्हणाला. "तुम्हीच ना?"

"मी मेलो असं कुणी सांगितलं नाही ना तुला?"

"सांगितलं असतं तरी तुमचीच थाप समजलो असतो." तो हसला आणि त्याने माझा हात डाव्या हातात घेतला, कमरेच्या उंचीवर. त्या उंचीवर पकड अजून भक्कम होती. "आई जाईपर्यंत तुमचं नाव काढायची. म्हणायची, सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा तो एकटा माणूस आला आपल्या दारात."

पाठ फिरवली. हो. त्या वर्षी जूनमध्ये एकेक फेरी संपत गेली आणि एकाही क्लबने त्याचं नाव घेतलं नाही. हे माझ्या मनासारखंच होत होतं. मी आमच्या साहेबांना लिहिलं होतं, दुसऱ्या फेरीत उचला, सोनं आहे. पण साहेबांच्या कानावर कोपराची गोष्ट तीन वेगवेगळ्या वाटांनी आली होती, आणि तीन वाटांनी आलेली गोष्ट खरीच असते असं साहेब लोकांना वाटतं. त्यांनी विसाव्या फेरीत घेतला, माझा मान राखायला म्हणून. त्याच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कोपर संशयास्पद. मी साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं आणि त्यांनी हसून उडवून लावलं, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं आहे. बायकोला, फर्नला, सुद्धा सांगितलं. ती मरेपर्यंत तिला ते खरं वाटत होतं. वास्तविक मी त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. आतून ते कुणाला तरी सांगत होते, "कोपर टिकलं तर वीम्सने विसाव्या फेरीत दुसऱ्या फेरीचा हात पकडलाय, हा म्हातारा कोल्हा आहे," आणि मी दारातच उभा राहिलो, ते दोनदा ऐकलं, आणि परत आलो.

मग ब्लू लिकचं ते स्वयंपाकघर. टेबलावर मेणकापड, त्यावर सह्यांचे कागद, आणि त्याच्या आईने, लिओटा टॅकेटने, केलेलं पीच कॉब्लर. वरचं कवच कुरकुरीत, खाली पीचच्या रसाची वाफ. ती माझ्यासमोर उभीच होती, हात एप्रनला पुसत. "मिस्टर वीम्स, मी अडाणी बाई आहे. पण विसावी फेरी म्हणजे काय ते मला कळतं. तुम्ही तर इथे येऊन म्हणत होता, असा हात वीस वर्षांत बघितला नाही. मग झालं काय?" ऑरिन माझ्या तोंडाकडे बघत होता. खरं सांगायला इतकी सरळ वाट मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी घास गिळला आणि म्हणालो, "कोपराचं जरा आहे, बाई. घाबरण्यासारखं नाही. पण अनुभवी डोळ्याला दिसतं." ऑरिनने डावा हात टेबलावरून काढून मांडीवर घेतला. जणू त्याला कुणी चोरी करताना धरलं होतं. मी दुसरी वाटी कॉब्लर मागून घेतली.

त्यानंतर तो खालच्या लीगमधल्या एका क्लबात गेला, मग दुसऱ्या. बसने रात्रंदिवस फिरायचं, स्वस्त हॉटेलं, पोत्यासारखी कोंबलेली पोरं. तिथला प्रत्येक प्रशिक्षक आधी कागद वाचायचा आणि मग पोराकडे बघायचा. पहिल्याने विचारलं, "कोपर कसं आहे?" दुसऱ्यानेही तेच विचारलं. तिसऱ्याने विचारलं नाही, सरळ उपाय केला. डोक्यावरून येणारा हात त्याने बाजूने आणायला लावला, म्हणजे कोपराला आराम पडेल. वळणारा चेंडू गेला. त्या चेंडूवर मी सहा सामने जीव टाकला होता. वेग थोडा गेला. आणि कोपरावरचा भार, जो कोपर आनंदाने उचलत होतं, तो सगळा खांद्यावर आला. ऑरिन मला पत्रं लिहायचा, रेघांच्या कागदावर, पेन्सिलीने, अक्षरं डाव्या हाताखाली पुसट झालेली. "कोपर अजून टिकून आहे, मिस्टर वीम्स. मी जपतोय. तुम्ही सांगितलं ते बरं झालं." मी उत्तरात गोष्टी लिहायचो. त्या माशाची, बुधवारच्या चेंडूची. तिसऱ्या वर्षी खांदा फाटला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्याची पत्रं आली नाहीत. क्लबने कागदावर शेवटचं काय लिहिलं ते मी बघितलं होतं. लिहिलं होतं, "सुरुवातीपासून हात अधू." त्या वर्षी जेवणाच्या एका समारंभात मला पट्टा मिळाला, तीन दशकांच्या सेवेबद्दल. फार भारी चामडं होतं. मी तो कधीच वापरला नाही, असं सांगायला आवडलं असतं.

"माझा पोरगा आहे, रॉडी," ऑरिन सांगत होता. मधल्या वाटेतून एक बाई गाडी ढकलत आली, तिला त्याने उजव्या हाताने रस्ता करून दिला. "चौदाचा. डावखुरा. काय सांगू तुम्हाला, मिस्टर वीम्स. त्याला फेकताना बघितलं की माझ्याच मानेवर काटा येतो. पण मी फेकू देत नाही. पहिल्या बेसवर उभा करतो."

"का?"

"कोपर. आमच्या घराण्यातच असणार ते. तुम्हाला आठवत नसेल, पण तुम्हीच बघितलं होतंत. नंतर क्लबच्या डॉक्टरने फोटो काढले, म्हणाला, कोपराला काही झालेलं नाही. मी मनात म्हटलं, या डॉक्टरला काय कळतंय. ज्या माणसाने मला गाईच्या मैदानातून शोधून काढलं त्याला जे दिसलं ते याच्या मशीनला दिसणार नाही." त्याने खालच्या फळीवरचा एक डबा सरळ केला. "रॉडी माझ्याशी बोलत नाही हल्ली. शेजाऱ्याच्या गॅरेजच्या भिंतीवर चोरून फेकतो. परवा म्हणाला, तुमचा हात गेला म्हणून माझा पण बांधून ठेवणार का, बाबा? पुढच्या महिन्यात शाळेच्या संघाची निवड आहे. तुम्ही एकदा बघता का त्याला? तुम्ही म्हणालात कोपर चांगलं आहे, तर मी अडवणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर त्यालाही पटेल. शनिवारी सकाळी. मी गाडीने न्यायला येतो."

मी हो म्हणालो. घरी आल्यावर डबा उघडला नाही. चार दिवस तो ओट्यावर होता. मी दुसऱ्या कुठल्या खोलीत असलो तरी मला तो दिसत होता. मी जुळवाजुळव करत होतो. पोराचं कोपर उत्तम आहे म्हणायचं, फेकू दे म्हणायचं, आणि घरी यायचं. बापाचं बापापाशी राहू द्यायचं. माणसाजवळ वीस वर्षांनी उरलेलं असतं काय? त्याच्याजवळ एवढंच होतं की जगात एका माणसाने त्याला खरं ओळखलं होतं. ते काढून घेऊन त्याच्या हातात काय द्यायचं? असं मी मला समजावत होतो, आणि माझ्या लक्षात येत होतं की माझा हा आवाज फार गोड लागतोय, डट्रोला माशाची थाप विकतानाचा. खरं हे होतं की फर्न गेल्यापासून आठ वर्षांत मला बघून कुणाचा चेहरा उजळला नव्हता.

शनिवारी मैदानावर दव होतं. रॉडी गाडीत मागच्या सीटवर बसून एक शब्द बोलला नाही, उतरताना म्हणाला, "तुम्हीच का ते कोपरवाले?" ऑरिन म्हणाला, "नीट बोल." पोरगा पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर गेला आणि बुटाने खड्डा करू लागला, डोकं खाली. ऑरिनने उजव्या हातात कॅचरचा मोजा चढवला आणि फलंदाजाच्या पाटीमागे उकिडवा बसला. मी काठी टेकत गेलो आणि बाकावर बसलो. पोराने चेंडू टाकला. फट्! दवातसुद्धा असा आवाज. शर्टाखाली खवाटा उचलला गेला आणि बसला. तोच. माझा हात आपोआप टोपीकडे गेला.

ऑरिनने चेंडू खालून, कमरेजवळून परत फेकला. दुसरा चेंडू घेतला, तिसरा. मग माझ्याकडे बघून हसत ओरडला, "मिस्टर वीम्स! अहो तिकडे कुठे बसलात? डावखुरा आहे तो! तिकडून काय कप्पाळ दिसणार? पहिल्या बेसकडे या!"

मी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलो होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपणहून तिकडे गेले होते.

माझ्याजवळ उत्तरं होती. इकडे ऊन डोळ्यांवर येत नाही. गुडघे. बाक कोरडा आहे. तोंडात तिन्ही तयार होती, एकाहून एक चांगली. ऑरिन मोजा काखेत धरून चालत माझ्याकडे आला, मला हात द्यायला. "चला, उठा. धरा मला."

"सवय," मी म्हणालो.

"कसली सवय?"

"तुझ्या वेळी मी इथेच बसायचो."

तो अजून हसत होता, पण हसणं पुढे सरकत नव्हतं. "ब्लू लिकला?"

"ब्लू लिकला. म्हणजे डट्रोला वाटावं की मी तुला बघत नाहीये."

"सगळे सामने?"

"सहाही."

त्याने उंचवट्याकडे बघितलं, मग माझ्या बाकाकडे, मग पुन्हा उंचवट्याकडे. तीन वर्षं पिचर राहिलेला माणूस होता तो. त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. रॉडी चेंडू हातात फिरवत आमच्याकडे बघत होता. ऑरिनने काखेतला मोजा गळू दिला आणि उजव्या हाताने स्वतःचं डावं कोपर धरलं, हळूच, एखाद्या दुसऱ्याच माणसाला झोपेतून उठवावं तसं. दाबून बघितलं. "इथून कोपर दिसत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग आईला तुम्ही..."

"हो."

"कॉब्लर खाता खाता."

त्याला कारण सांगावं असं वाटलं. धंद्यात सगळेच करतात हे. मी दुसरी फेरी मागितली होती हे. साहेबांच्या दाराची गोष्टही जिभेवर आली होती, मी आत गेलो होतो ती. ती गिळली. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याने वाकून मोजा उचलला, त्यावरचं दव मांडीला पुसलं. "रॉडी," तो मोठ्याने म्हणाला, मान न वळवता. "वरून टाक. हात पूर्ण वरून येऊ दे. कुणी काही म्हणो."

"किती, बाबा?" पोराचा आवाज चिरकला.

"मी पुरे म्हणेपर्यंत."

मी काठी धरून उठू लागलो. पहिल्या बेसकडे जायला, किंवा गाडीकडे, मलाही कळत नव्हतं. ऑरिनने माझ्या खांद्यावर उजवा हात ठेवला. जोर नव्हता त्याच्यात. "नाही, मिस्टर वीम्स. तुम्ही बसा इथेच," तो म्हणाला. "ही तुमची जागा आहे."

तो पाटीमागे जाऊन उकिडवा बसला आणि त्यानंतर एकदाही त्याने माझ्याकडे बघितलं नाही. रॉडीने पाय उचलला. माझ्यासमोर पाठ होती, शर्टाला अजून घाम नव्हता. हात तिच्यापलीकडे कुठेतरी गेला, मला न दिसता, आणि फट्! मैदानाच्या टोकाला झाडावरचे पक्षी उठले. असा आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. माझी जीभ त्या खाणावळीतल्यासारखी टाळ्याला जाऊन लागली होती. बाकावर माझ्याशेजारी कुणी नव्हतं. मी ती तशीच धरून ठेवली.